शनिवार तेली : बेने इस्राएल कुटुंबांचें कुलाबा जिल्ह्यांत येणें, रुजणें व जाणें

भाताचें रोप ज्या आवणांत उगवतें तेथें तें पोसत नाहीं. तें उपटून दुसऱ्या खाचरांत लावावें लागतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. माणसाविषयीं मात्र आपली समजूत उलट आहे. गांव सोडलेलें कुटुंब म्हणजे बुडालेलें कुटुंब, असें आपण धरून चालतों. हल्लीं कर्जत-खालापुराकडील घरोघरचीं मुलें नोकरीनिमित्त मुंबई-पुण्यास जाऊं लागल्यापासून व रस्त्याकडेच्या जमिनी बंगल्यांसाठीं विकल्या जाऊं लागल्यापासून ही धास्ती अधिकच वाढली आहे. तींत खरें किती व खोटें किती, हें एखाद्या परागंदा समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास पाहिल्यावांचून ठरवितां येणार नाहीं. असा एक समाज आपल्याच जिल्ह्यांत होऊन गेला, व थोडा अद्याप आहे. तो म्हणजे बेने इस्राएल. खेडोपाडीं ज्यांस शनिवार तेली म्हणत ते.

आम्ही राहतों ती ठाकुरवाडी ठाकूर लोकांच्या वस्तीवरून नांव पावलेली आहे. कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांत ह्या नांवाच्या वाड्या इतक्या आहेत कीं, टपालवाल्यास शेजारच्या मोठ्या गांवाचें नांव विचारल्याखेरीज गत्यंतर नसतें. म्हणजे आपल्याकडे माणसांवरून जागेस नांव पडलें. खाडीच्या व समुद्राच्या बाजूस बेने इस्राएलांनीं ह्याच्या उलट केलें. जागेचें नांव त्यांनीं आपणांस लावून घेतलें. किहीमचे ते किहीमकर, नवगांवचे ते नवगांवकर, झिराडचे झिराडकर, चेऊलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, तळ्याचे तळकर, अष्टमीचे अष्टमकर. अशा आडनांवांची संख्या शंभराच्या वर भरते. त्यांतील आपटेकर हें आडनांव ज्या आपट्यावरून पडलें तें गांव तर आपल्याच पाताळगंगेच्या कांठीं, खालापुराच्या वेशीपलीकडे आहे.

महसूल खात्याच्या नोकरींत खाडीपट्टींतील तालुक्यांचीं जुनीं दप्तरें आमच्या हातांखालून गेलीं. त्यांत एखाद्या खात्यावर मुसाजी, हसाजी, इसाजी, सामाजी अशा तऱ्हेचें नांव व त्यापुढें ‘इस्राएल’ हा शब्द आढळे. नवशिक्या कारकुनास तें नांव कुणब्या-मराठ्याचेंच वाटे. परंतु मुसाजी म्हणजे मोशे, हसाजी म्हणजे यहेज्केल, इसाजी म्हणजे इसहाक, व सामाजी म्हणजे शमुएल. मूळ नांव यहुदी धर्मग्रंथांतलें, शेवट मराठी ‘जी’चा, आणि आडनांव गांवाचें. धर्म आपला ठेवून बाकी सर्व बाबतींत हे लोक गांवचे झाले होते, हें त्या एका ओळीवरूनच कळून येतें.

हे लोक आले कोठून व केव्हां? त्यांच्यांत पिढीजात चालत आलेली कथा अशी कीं, आपल्या देशीं धर्माचा छळ होऊं लागला म्हणून कांहीं कुटुंबें गलबतांत बसून निघालीं. चेऊल बंदराच्या आसपास तें गलबत खडकांवर फुटलें, आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें नवगांवच्या किनाऱ्यास जिवंत लागलीं. बुडालेल्यांचीं प्रेतें वाहून आलीं तीं तेथेंच पुरलीं. जवळचे ग्रंथ, भांडींकुंडीं, द्रव्य सारें समुद्रांत गेलें. हाईम समुएल किहीमकर ह्यांनीं आपल्या समाजाचा इतिहास सन १८९७ मध्यें लिहिला (तो छापून निघाला सन १९३७ मध्यें, तोही तेल अवीव येथें). ग्रीक राजा अँटिओकस ह्याच्या जुलमाच्या वेळीं, म्हणजे इसवी सनापूर्वीं १७५ च्या सुमारास, हें आगमन झालें असावें, असें त्यांनीं ठरविलें. इतर विद्वानांस हा काळ मान्य नाहीं. बाहेरच्या लेखकानें ह्या लोकांचा केलेला पहिला ज्ञात उल्लेख सन १७३८ चा, सार्टोरियस नांवाच्या मिशनऱ्याच्या पत्रांतील आहे. त्यामागें कागद नाहीं. अलीकडे सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासांत मात्र रक्ताची साक्ष निघाली. ह्या समाजांत पश्चिम आशियांतील यहुदी व येथील स्थानिक अशा दोन्ही वंशांचा अंश असून त्यांचें मिश्रण सुमारें १९ ते ३३ पिढ्यांमागें झालें असावें, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. एका पिढीस तीस-बत्तीस वर्षें धरलीं तरी हा काळ सहाशें ते एक हजार वर्षांचा होतो. म्हणजे किहीमकरांची तारीख टिकली नाहीं तरी, दुरून आलेल्या थोड्या कुटुंबांची कथा पोकळ नव्हती.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें महत्त्वाचा प्रश्न. अंगावरच्या वस्त्रानिशीं किनाऱ्यास लागलेलीं हीं माणसें जगलीं कशावर? चांगली भातजमीन त्या काळींही कोणी उपऱ्यास फुकट देत नव्हतें. मासेमारी कोळ्यांची, ताडमाड भंडाऱ्यांचे, शेती कुणबी-आगऱ्यांची. अशा स्थितींत त्यांनीं तेलाचा घाणा धरला. ह्याचें कारण कोणी लिहून ठेवलेलें नाहीं. पण घाणा ज्यांनीं पाहिला आहे त्यांस तें अडचणीवांचून समजेल. घाण्यास लांकडाचें उखळ, त्यांत फिरणारी लाठ व एक बैल एवढें भांडवल पुरतें. काम घराच्या पडवींत होतें. नवरा, बायको, मुलें सर्वांस त्यांत हात लावतां येतो. तेल ही वस्तु अशी कीं, दिव्यास, फोडणीस व अंगास ती सर्वांस लागते. पेंड उरते ती गुरांस जाते. किनाऱ्यावर नारळ मुबलक. आणि आपल्या डोंगरपट्टींतील वरकस जमिनींत नाचणी-वरीच्या मागून फेरपालटीनें खुरासणी व तीळ निघतच. त्या धंद्यास मान कमी होता हें खरें. पण मान कमी म्हणूनच तो उपऱ्यास मोकळा होता. ज्याला गांवांत शिरावयाचें आहे त्यानें गांवाला लागणारें परंतु गांवानें हलकें मानलेलें काम प्रथम उचलावें, हा व्यवहार तेव्हांही होता व आजही आहे.

घाण्याचा दुसरा गुण असा कीं, तो मालकाच्या इच्छेनें थांबवितां येतो. शेतीचें तसें नाहीं. लावणीच्या दिवसांत पाऊस कोणाचा वार पाळीत नाहीं. बेने इस्राएलांजवळ ग्रंथ नव्हते, हिब्रू भाषा ते विसरले होते, पुरोहित नव्हता. परंतु शनिवारीं काम करावयाचें नाहीं एवढें त्यांनीं सोडलें नाहीं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत घाणा बंद, चूल बंद. ह्यावरूनच गांवकऱ्यांनीं त्यांस शनिवार तेली हें नांव दिलें, कारण सोमवारीं घाणा बंद ठेवणारे शिवभक्त तेली होते ते सोमवार तेली. गांवानें ह्या भेदाचा बाऊ केला नाहीं. कोणाचा वार सोमवार, कोणाचा शनिवार, एवढाच त्याचा अर्थ. जगांत इतरत्र यहुद्यांस ज्या वारावरून धोंडे खावे लागले, त्या वाराचें आपल्या कोंकणांत एक साधें पोटजातीचें नांव झालें.

येथें बैलाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. यहुदी धर्माच्या दहा आज्ञांपैकीं शनिवारच्या आज्ञेंत मालकाबरोबर त्याच्या बैलासही त्या दिवशीं विसांवा द्यावा, असें स्पष्ट म्हटलें आहे. आठवड्याचे सहा दिवस डोळ्यांस झापड बांधून गोल फिरणाऱ्या जनावरास सातवा दिवस सुटीचा मिळे. त्याच धर्मशास्त्रांत सातव्या वर्षीं जमीन पडीत टाकावी असाही नियम आहे. परंतु तो फक्त इस्राएलांच्या मूळ भूमीस लागू असल्यामुळें कोंकणांत त्याचा प्रश्न आला नाहीं. सन २०२१-२२ हें त्या देशांत असें पडिताचें वर्ष होतें. आपल्या वरकस जमिनी दोन-तीन पिकांनंतर टाकून देण्याची चाल होती ती ह्याहून फार वेगळी नव्हे. फरक एवढाच कीं, आपण जमीन थकल्यावर ती टाकीत होतों, व ते वर्ष मोजून टाकतात.

शनिवार, मुलाची आठव्या दिवशीं सुंता, खवले व पर असलेलाच मासा खाणें, आणि ‘शमा’ ह्या प्रार्थनेचे आरंभींचे शब्द. एवढ्या चार गोष्टी त्यांनीं घट्ट धरल्या. बाकी सर्व सोडून दिलें. भाषा मराठी झाली, आणि तीही घरांतली, दळणकांडणाची मराठी. बायकांचें लुगडें, मंगळसूत्र, लग्नांतील हळद हीं येथलीं झालीं. सणांस त्यांनीं दिलेलीं नांवें ऐकावीं : वर्षारंभाचा तो नव्याचा सण, दारें लावून उपास करावयाचा तो दरफाळणीचा सण, नव्या तांदळाच्या खिरीचा तो खिरीचा सण, उपासानंतर वालाचें बिरडें खावयाचें तो बिरड्याचा सण. हीं नांवें कोणा पंडितानें ठरविलेलीं नाहींत. सैंपाकघरांत ठरलीं आहेत. नवस फेडावयाचा झाला म्हणजे मलिदा करतात. पोह्यांत गूळ, खोबरें घालून वर फळें मांडतात, व एलियाहू हन्नबी ह्या प्रेषिताचें नांव घेतात. अलिबागेजवळ खंडाळें येथें खडकावर चाकोऱ्यांसारख्या खुणा आहेत. त्या ह्या प्रेषिताच्या रथाच्या होत, अशी त्यांची श्रद्धा असून तेथें नवस फेडावयास लोक दुरून येतात. कोंकणच्या पोह्यांनीं यहुदी प्रेषिताचा प्रसाद व्हावा, ह्यापेक्षां रुजण्याचें दुसरें प्रमाण तें काय!

गांवचे गुण घेतांना गांवचे दोषही त्यांनीं घेतले, हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्यांत गोरे इस्राएल व काळे इस्राएल असे दोन तट पडले. येथल्या स्त्रियांपासून झालेल्या संततीस काळे म्हणून त्यांच्याशीं पंक्तिव्यवहार व बेटीव्यवहार होत नसे. जातिभेदाच्या मुलखांत राहिलेला उपरा स्वतःच्या घरांतही जात मांडून बसतो, ह्याचें हें वाईट उदाहरण होय. ही चाल पुढें ढिली पडत गेली. पण ज्यांनीं ती सोसली त्यांच्या घरांत तिची आठवण बराच काळ राहिली.

परक्या मुलखांत कुटुंब किती दिवस आपलेंपण राखूं शकतें, हें कळण्यासाठीं दुसऱ्या एका समाजाशीं तुलना करून पाहावी. फ्रान्स देशांत प्रॉटेस्टंट पंथाचे जे लोक होते त्यांस ह्युगेनॉट म्हणत. सन १५९८ मध्यें चौथ्या हेन्री राजानें त्यांस उपासनेची मुभा दिली होती, ती चौदाव्या लुईनें सन १६८५ मध्यें काढून घेतली. तेव्हां सुमारें दोन लाख माणसें देश सोडून गेलीं. त्यांतील कांहीं थोडीं कुटुंबें डच कंपनीच्या गलबतांतून आफ्रिकेच्या दक्षिण टोंकास, केपला, सन १६८८ व १६८९ मध्यें उतरलीं. ला रोशेलच्या बाजूचे द विलियर्स आडनांवाचे तिघे भाऊ सन १६८९ मध्यें आले. त्यांस द्राक्षमळ्यांचें काम येत होतें. कंपनीस नेमका तोच माणूस हवा होता. त्यांस जमिनी मिळाल्या, द्राक्षवेली लागल्या, आणि त्या खोऱ्यास फ्रेंच कोपरा अशा अर्थाचें ‘फ्रान्शुक’ हें नांव पडलें. आज त्या घराण्याचा विस्तार दक्षिण आफ्रिकेंत फार मोठा आहे. परंतु कंपनीनें त्यांच्या जमिनी मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या जमिनींमध्यें विखरून दिल्या होत्या, व शाळा डच भाषेची ठेवली. दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच भाषा संपली, आणि पंथ डच चर्चमध्यें मिसळून गेला.

ही तुलना आम्हांस दोन कारणांसाठीं महत्त्वाची वाटते. ह्युगेनॉटांस पहिल्याच दिवशीं जमीन मिळाली, व तीन पिढ्यांत ते वेगळे उरले नाहींत; बेने इस्राएलांस पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर काढाव्या लागल्या, तरी ते शेंकडों वर्षें वेगळे राहिले. तेव्हां जमिनीनें कुटुंब तगतें; पण ओळख तगतेच असें नाहीं. दुसरें असें कीं, केपमधील शेतकऱ्यांनीं आपल्या सुटलेल्या गांवांचीं व प्रांतांचीं नांवें नव्या मळ्यांस दिलीं. ला रोशेल, प्रोव्हान्स अशा नांवांचे मळे तेथें आहेत. बेने इस्राएलांजवळ नांव द्यावयास मळाच नव्हता. म्हणून त्यांनीं नव्या गांवाचें नांव स्वतःस दिलें. एकानें मागचें नांव पुढें आणलें, दुसऱ्यानें पुढचें अंगाला लावलें.

बेने इस्राएलांचा इतर यहुद्यांशीं तुटलेला धागा जुळला तो डेव्हिड रहाबी नांवाच्या गृहस्थामुळें, असें त्यांची परंपरा सांगते. त्यानें परीक्षा पाहण्यासाठीं बायकांपुढें सर्व तऱ्हेचे मासे टाकले. त्यांनीं खवल्यांचे तेवढे वेंचून घेतले व बाकीचे बाजूस सारले, तेव्हां त्याची खात्री पटली. मग त्यानें झिराडकर, राजपुरकर व शापुरकर ह्या घराण्यांतील तिघांस धर्म शिकविला. त्यांचे वंशज काजी म्हणून गांवोगांव फिरत व लग्नें लावीत. पुढें मिशनऱ्यांच्या शाळा आल्या. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं सन १८३२ मध्यें मराठींतून हिब्रूचें व्याकरण छापलें. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठीं हे श्रम झाले खरे. पण शिकणाऱ्यांनीं व्याकरण घेतलें व धर्म आपलाच ठेवला. सन १८७४ मध्यें पुण्यास वल्हांडण सणाची पोथी हिब्रू व मराठी अशी दुभाषी छापली गेली. आणि सन १८८० च्या सुमारास तर मोशे, योसेफ ह्यांच्या कथांवर कीर्तनें होऊं लागलीं. हातांत टाळ, तोंडीं साकी-दिंडी, आणि कथा मिसर देशांतील!

ह्या लोकांस गांवाबाहेर काढलें तें पलटणीनें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत त्यांची भरती होऊं लागली. त्यांतील सामाजी हसाजी दिवेकर ह्यांची हकीकत प्रसिद्ध आहे. हे दिवे गांवच्या घराण्यांतले; यहुदी नांव सॅम्युएल यहेज्केल. दुसऱ्या म्हैसूर युद्धांत ते टिपूच्या हातीं सांपडले. ‘तूं कोण’ असें विचारलें असतां ‘बेने इस्राएल’ असें त्यांनीं सांगितलें, आणि हें नांव कुराणांत आहे म्हणून टिपूच्या आईनें त्यांस जीवदान देवविलें, असें सांगतात. सुटून आल्यावर त्यांनीं सन १७९६ मध्यें मुंबईस मांडवींत पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें हिब्रू नांव ‘दयेचें द्वार’ अशा अर्थाचें आहे. लोक त्यास जुनी मशीद म्हणत. पुढल्याच वर्षीं, सन १७९७ मध्यें, धर्मग्रंथाची गुंडाळी आणण्यास कोचीनकडे गेले असतां ते तेथेंच वारले. घाणा ते पलटण, पलटण ते प्रार्थनामंदिर, एवढी मजल एका माणसाच्या हयातींत झाली.

दिवेकरांमागून पुष्कळ लोक फौजेंत शिरले व हिंदी अधिकाऱ्यांच्या जागांपर्यंत चढले. पेन्शन घेतलेला सुभेदार बहुधा आपल्या गांवीं परत येई. पेन्शनीच्या पैशांतून भातजमीन घेई, घर कौलारू करी. घाण्यानें जी जमीन मिळाली नव्हती ती पगारानें मिळाली. रेवदंडा (सन १८४२), अलिबाग (सन १८४८), पनवेल (सन १८४९), पेण (सन १८६३) येथील प्रार्थनामंदिरें ह्याच काळचीं. गांवीं पैसा परत येत होता तोंवर हें सर्व उभें राहिलें, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

सन १८५७ नंतर फौजेंतील वाट अरुंद झाली. तोंच रेल्वे आली. ज्या बोरघाटाची धाप आम्ही रोज ऐकतों तो घाट सन १८६३ मध्यें गाडीस खुला झाला. आणि रेल्वे, टपाल, कस्टम व इस्पितळें ह्यांत लिहितांवाचतां येणाऱ्या माणसांची मागणी वाढली. इकडे रॉकेल दिव्यांत शिरलें व गिरणीचें तेल बाजारांत आलें, तेव्हां घाण्याचा बैल विकण्याची वेळ आपोआप आली. मुंबईस सन १८७५ मध्यें किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं समाजाची शाळा काढली; तीच पुढें सर एली कदूरी शाळा म्हणून नांवास आली. नवगांवकर घराण्यांतील रेबेका रूबेन ह्या सन १९०५ मध्यें मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिल्या आल्या, व पुढें सन १९२२ पासून १९५० पर्यंत त्यांनीं तीच शाळा चालविली. डॉ. एलायजा मोझेस सन १९३७-३८ मध्यें मुंबईचे महापौर होते. वरळीकडील रस्त्यास त्यांचें नांव आहे. तळकर घराण्यांतील मोझेस यहेज्केल हे विल्सन कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, आणि त्यांचे चिरंजीव निसिम यहेज्केल हे इंग्रजी कवि म्हणून नांवाजले गेले. घाण्यांत बी टाकणाऱ्या समाजांतून बियांचें शास्त्र शिकविणारा निघाला, ही गोष्ट शेतकीच्या मासिकांत लिहितांना आम्हांस विशेष वाटते.

दुसरें स्थलांतर छळामुळें झालें नाहीं. सन १९४८ मध्यें इस्रायल देश स्थापन झाला, तेव्हां हिंदुस्थानांत बेने इस्राएलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. येथें त्यांस कोणी ‘जा’ म्हटलें नव्हतें. तरीही बहुतेक कुटुंबें क्रमाक्रमानें गेलीं. कोणी धर्मभावनेनें, कोणी नोकरीच्या आशेनें, कोणी भावाबहिणीमागून. तेथें सुख वाट पाहत बसलें होतें असें नाहीं. कांहीं कुटुंबें भेदभावाची तक्रार करून धरणें धरून बसलीं, व सन १९५२ मध्यें परत आलीं. त्यांतील पुष्कळ पुढें पुन्हां गेलीं. सन १९६२ पासून तेथील धर्माधिकाऱ्यांनीं ह्यांच्या विवाहांविषयीं वंशशुद्धीची शंका काढली. मोठी चळवळ होऊन सन १९६४ मध्यें ते सर्वार्थानें यहुदी आहेत हें मान्य झालें. कोंकणांत ज्यांनीं काळ्या इस्राएलांस पंक्तीबाहेर बसविलें, त्यांच्या नातवांस तेथें तोच अनुभव घ्यावा लागला. आज हिंदुस्थानांत सर्व यहुदी मिळून सन २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें साडेचार हजारांहून थोडे अधिक आहेत. त्यांतील निम्म्याहून जास्त महाराष्ट्रांत. सन २०१६ मध्यें महाराष्ट्र सरकारनें त्यांस अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. इस्रायलांत दिमोना, अश्दोद, बेरशेबा, रामले ह्या शहरांत त्यांची दाट वस्ती आहे, आणि तेथून ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक निघत आलें आहे. केपमधील फ्रेंचांप्रमाणें ह्यांचीही भाषा तिसऱ्या पिढींत संपेल काय? घरांतील म्हातारीं बोलतात, नातू समजतात, पणतू हसतात, अशी स्थिति आहे.

आतां जमिनीचें काय झालें तें सांगतों, कारण खातेदार वाचकांस तेंच हवें असेल. मुंबईस राहणाऱ्या पेन्शनरांच्या मुलांनीं गांवची जमीन विकली नाहीं, कुळाकडे दिली. खंडाचें भात वर्षाकाठीं गाडीनें किंवा मचव्यानें येत राहिलें, व तेवढ्यावर ‘आमची गांवीं जमीन आहे’ असें म्हणतां येत होतें. मुंबईचा कुळकायदा सन १९४८ मध्यें झाला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरून कसणारा कूळ कायद्यानें मालक मानला गेला. जो नियम ब्राह्मण, प्रभु, मराठा, गुजर अशा सर्व दूरस्थ जमीनदारांस लागला तोच ह्यांसही लागला. फेरफाराच्या एका ओळींत तीन पिढ्यांची मालकी संपली. त्यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं. जो चिखलांत उभा होता त्याचें नांव लागलें.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत परदेशांतून आलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या कचेरींत चौकशीस आले होते. मराठी अस्सल खाडीपट्टीची, मध्येंच एखादा परका शब्द. हातांत आजोबांच्या वेळचा शेतसाऱ्याचा पावतीकागद, घडीवर फाटलेला. सर्व्हे नंबर लावून पाहिला तों जमीन कुळाच्या नातवाच्या नांवें. ‘मला हक्क सांगावयाचा नाहीं, नंबर कोठें आहे एवढें दाखवा’ असें ते म्हणाले. तलाठ्याबरोबर ते गेले. कुळाच्या नातवास प्रथम भीति वाटली, कीं हा दावा करावयास आला. मग त्यानें घरांतून पाट आणून दिला. आजोबांचें आडनांव त्या शिवारांत अद्याप चालू होतें. त्या तुकड्यास गांव ‘इस्राएलाची खाचर’ म्हणे. मालक तिसरा झाला तरी खाचरीचें नांव तेंच.

मुंबईस गेलेल्या मुलाचें सात-बाऱ्यावर नांव आहे एवढ्यावर निश्चिंत राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या घरांस ही हकीकत आम्ही सांगतों, तेव्हां तीं आम्हांवर रागावतात. पण आज कुळाच्या जागीं दलाल आला आहे. दूरच्या मालकास तोच भाव सांगतो, तोच गिऱ्हाईक आणतो, आणि ज्यास बांध ठाऊक नाहीं तो भावाखेरीज दुसरें कांहीं विचारूं शकत नाहीं. बेने इस्राएलांचें मात्र जमीन गेल्यानें कांहीं अडलें नाहीं. ते मुळांत जमिनीवर उभे नव्हते. वारावर, नांवावर व शाळेवर उभे होते. आपण कशावर उभे आहोंत, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं पाहावें.

अलिबागेकडे जाणें झालें तर नवगांव येथें त्या समाजाचें जुनें दफनस्थान व स्मारक आहे तें पाहावें. पण मोठ्या गांवांतलीं स्थळें सोडून दिलीं, तर लहान खेड्यांतून अशींच दफनस्थानें झाडोऱ्यांत लपलेलीं आहेत. राखणदार नाहीं, वारस परदेशीं. शेजारचा बांध दरवर्षीं वीतभर आंत सरकतो, व दगड कुंपणास लागतात. अशा नंबराशेजारीं ज्यांची खातीं असतील त्यांनीं भूमिअभिलेख कचेरींत अर्ज करून जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल काढावी. त्यांत हद्दीचे दगड व त्यांमधील अंतरें दिलेलीं असतात. एक सांखळी व दोन माणसें घेतलीं तर अर्ध्या दिवसांत मूळ बांध कोठें होता तें काढतां येतें. पावसाळ्यापूर्वीं, झाडोरा सुकलेला असतांना, हें काम करणें सोयीचें पडतें.